शिबिराचा मांडव असला तरी सुई तीच असते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आलेत आणि कोल्हापुरात पेठापेठांत, तालमींच्या बाहेर मोफत रक्त तपासणीचे फ्लेक्स लागायला सुरुवात झालीय. शुगर, हिमोग्लोबीन, थायरॉईड, कुठं कुठं तर फुल बॉडी चेकअप. मी लॅब टेक्निशियन आहे, डीएमएलटी म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा करून या कामाला लागले, रोज सकाळी लोकांच्या शिरा शोधणं हेच माझं काम, आणि अशा शिबिरांनाही जाते. त्यामुळं आधीच सांगते की ही शिबिरं बंद करा असं मला म्हणायचं नाही, उलट जास्त व्हावीत. ज्या बायकांनी आयुष्यात कधी स्वतःसाठी म्हणून दवाखान्याची पायरी चढलेली नसते त्यांचं हिमोग्लोबीन सात, म्हणजे फारच कमी आहे हे पहिल्यांदा मांडवातच कळतं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या हॉस्पिटलची लॅब असो नाहीतर गल्लीतला मांडव, सुई तीच, रक्त तेच, रक्तातनं पसरणारे आजार पण तेच, मग नियम मांडवात सैल का होतात?

हे लिहायचं कारण सांगते. मध्ये एका मंडळाच्या शिबिरात गेले होते, नाव घेत नाही कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. टेबलावर स्टीलच्या डब्यात स्पिरिटमध्ये आधीच भिजवून ठेवलेले कापसाचे बोळे, सगळ्यांचा हात त्याच डब्यात. रक्त घेऊन झालं की सुईला परत टोपण लावून ती खोक्यात टाकली जात होती, आणि ते खोकं भरलं की जिथं पोह्यांच्या प्लेटा टाकल्या होत्या त्याच काळ्या पिशवीत. शुगर तपासायला पेनासारखं यंत्र होतं, बटण दाबलं की बोटाला टोचतं ते, आणि एकच पेन सगळ्या रांगेला. मी तिथल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, आतली सुई बदलतोय की प्रत्येकाला." त्याला खरंच वाटत होतं की तो बरोबर करतोय, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तर या पेनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शिबिरात सगळ्यात जास्त वापर याचाच होतो आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्याबद्दलच. हे पेन एका माणसासाठी बनवलेलं असतं, घरी ज्याला शुगर आहे त्याच्या एकट्यासाठी. आतली सुई बदलली तरी पेनाच्या ज्या टोकाला बोट टेकतं तिथं रक्त लागतंच, डोळ्याला दिसणार नाही इतकं लागतं, आणि हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. शंभर माणसांच्या रांगेत एखाद्याला ही कावीळ असू शकते आणि त्याला स्वतःला माहीत पण नसतं, कारण बऱ्याच जणांना काही त्रासच होत नाही. परदेशात वृद्धाश्रमांमध्ये असं सामायिक पेन वापरल्यामुळं कावीळ बी पसरल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. शिबिरात वापरायचं ते एकदा टोचलं की सुई आपोआप आत जाते आणि परत बाहेर येतच नाही असं सुटं लॅन्सेट. ते फार महाग पण नसतं. आणि ग्लुकोमीटरचं मशीन सुद्धा प्रत्येक माणसानंतर पुसायला पाहिजे, त्याच्यावर पण रक्ताचा हात लागतोच.

कुणाला वाटेल ही बाई उगाच घाबरवतेय. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात कावीळ बीची साथ आली, माणसं दगावली, आणि तपासात वापरलेल्या सिरिंज-सुया परत वापरल्याचं पुढं आलं. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात एकाच वेळी कितीतरी लोक एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले आणि स्वस्तात इंजेक्शन देत फिरणाऱ्या एका बोगस डॉक्टरवर एकच सुई अनेकांना वापरल्याचा गुन्हा दाखल झाला. ही खेडी आपल्या गावांसारखीच आहेत, लोक पण आपल्यासारखेच, टेबलामागं बसलेल्या माणसावर विश्वास ठेवून हात पुढं करणारे.

आता दुसरी गोष्ट, विचारण्याची. माणूस रांगेत उभा राहिला म्हणजे त्यानं हो म्हटलं असं आपण धरून चालतो. तसं नसतं. शुगरसाठी आलेल्या माणसाला त्याच्या रक्तातनं अजून काय काय तपासणार हे आधी सांगायला पाहिजे, समजेल अशा भाषेत, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथंच संपला पाहिजे, "अहो फुकट आहे, घ्या करून" असा आग्रह पण नको. एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यानुसार माणसाला समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. पॅकेजमध्ये आहे म्हणून गुपचूप केली, हे चालत नाही. ज्याला ही तपासणी करायचीय त्याच्यासाठी सरकारी दवाखान्यात समुपदेशनासकट मोफत सोय आहे, आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला पण आहे, आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

आणि रिपोर्ट. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांच्या रिपोर्टच्या पीडीएफ टाकलेल्या मी बघितल्यात. माइकवरनं नाव पुकारून "तुमची शुगर तीनशे आलीय, लगेच या" हे पण ऐकलंय. पुकारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, काळजीनंच बोलतो, पण ज्या पोरीचं लग्न ठरायचंय, ज्याची नोकरी कंत्राटावर आहे, त्याला हे किती महागात पडू शकतं? रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात किंवा ज्याचा त्याच्या नंबरवर. बस.

रक्त घ्यायची नीट पद्धत काय ते लोकांना माहीत असेल तर ते स्वतःच बघू शकतील, म्हणून सांगते. पहिल्यांदा टेक्निशियननं तुम्हाला तुमचं नाव विचारायचं, "तुम्ही पाटील का?" असं नाही, कारण तुमचं लक्ष नसलं तर तुम्ही मान हलवून मोकळे होता आणि आपल्या जिल्ह्यात एका गावात एकाच नावाच्या तीन सुनीता पाटील निघतात. पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा वय तुमच्या तोंडून आलं पाहिजे. मग हात धुणं नाहीतर सॅनिटायझर, आणि तुमच्यासाठी नवीन ग्लोव्हज. सकाळी घातलेले ग्लोव्हज दुपारपर्यंत तेच असतील तर ते फक्त टेक्निशियनचे हात स्वच्छ ठेवतायत, तुमच्यासाठी त्यांचा काही उपयोग नाही. सुईचं पाकीट तुमच्या समोर फाडलं पाहिजे, आधीच उघडून ओळीनं मांडून ठेवलेल्या सुया नकोत. दंडाला बांधायचा पट्टा सुई टोचायच्या जागेच्या चार-पाच बोटं वर. सत्तर टक्के स्पिरिटनं जागा अर्धा मिनिट पुसायची आणि मग अर्धा मिनिट ती वाळू द्यायची. हे वाळू देणं सगळ्यात जास्त चुकवलं जातं. ओल्यावरच टोचलं तर जंतू मरायला वेळ मिळत नाही आणि झोंबतं पण जास्त. पुसल्यावर परत बोटानं शीर चाचपली तर परत पुसायचं. फुंकर तर अजिबात मारायची नाही, प्रेमानं मारली तरी तोंडातले जंतू तिथंच जातात.

आणि ते डब्यातले भिजवलेले बोळे. आमच्या क्षेत्रात ही सवय इतकी मुरलेली आहे की बोललं की लोकांना राग येतो. पण जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की कापूस आधी भिजवून डब्यात ठेवू नका, येणाऱ्या-जाणाऱ्या हातांमुळं त्यात जंतू साचतात. कोरडा कापूस घ्या, त्या वेळी स्पिरिट टाका, किंवा सुटे अल्कोहोल स्वॅब मिळतात ते वापरा.

"मूठ आवळा, उघडा, आवळा" हे पण बंद व्हायला पाहिजे. मूठ नुसती हलकी धरली तरी पुरते. सारखी उघड-मीट केली आणि पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवला की रक्तातलं पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसू शकतं, आणि मग म्हाताऱ्या माणसाला नसलेल्या आजारासाठी पळवापळवी. पट्टा सुई काढायच्या आधी सोडायचा, नंतर नाही, नाहीतर रक्त कातडीखाली साठून हात काळानिळा होतो. सुई निघाल्यावर हात कोपरात मुडपून ठेवायचा नाही, सरळ ठेवून अंगठ्यानं कापूस दाबून धरायचा. ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पाच मिनिटं तरी दाबावं.

काही गोष्टी मात्र तुम्हीच सांगायला पाहिजेत, आम्हाला चेहऱ्यावरनं कळत नाहीत. डायलिसिससाठी हातात फिस्टुला, म्हणजे ऑपरेशन करून जोडलेली शीर, केला असेल तर त्या हाताला कुणालाही हात लावू देऊ नका, ना सुई ना बीपीचा पट्टा, ती शीर म्हणजे त्या माणसाचा जीव आहे. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात शक्यतो नको. रक्त बघून चक्कर येत असेल तर लाजू नका, झोपवून रक्त घेता येतं. तालमीत जोर मारणारे गडी पण सुई बघून पांढरे पडतात, त्यात कमीपणा काही नाही, शरीराचा तो स्वभाव आहे. आणि टोचल्यावर बोटांपर्यंत विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली तर लगेच सांगा, सुई मज्जातंतूला लागलेली असू शकते, अशा वेळी सुई ताबडतोब काढायची असते, "थोडं सहन करा" म्हणायचं नसतं.

शीर सापडली नाही तर? एकाच टेक्निशियननं दोनदा प्रयत्न करावा, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं. सुई आत घालून इकडं तिकडं चाचपडत राहणं हे कौशल्य नाही. तिसऱ्यांदा नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यात टेक्निशियनचा अपमान पण होत नाही.

लहान मुलांचं वेगळंच असतं. पावसाळ्यात डेंग्यूच्या प्लेटलेट बघायला पोरांचं रक्त रोज घ्यावं लागतं, आणि चार माणसांनी हातपाय दाबून धरलेलं पोरगं पुढं वर्षानुवर्षं दवाखान्याला घाबरतं. आईच्या मांडीवर, आईच्या कुशीत धरून घेता येतं. "दुखणारच नाही" असं खोटं सांगू नका, "थोडंसं दुखेल, लगेच होईल" म्हणा, ते ऐकतात. आणि घरी "जेवला नाहीस तर सुई टोचायला नेते" ही धमकी आईबापांनी कृपा करून बंद करावी, त्याची किंमत नंतर त्या लेकराला आणि आम्हाला दोघांना मोजावी लागते.

म्हाताऱ्या माणसांची नेहमीची तक्रार, "केवढं रक्त काढलं बाई, अंगात राहिलं काय?" त्यांना कुणी सांगतच नाही. एका ट्यूबमध्ये दोन ते पाच मिली रक्त असतं, तीन ट्यूब भरल्या तरी दोन-तीन चहाचे चमचे, आणि मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. हे आधी सांगितलं की भीती निम्मी होते.

ट्यूबांवर नाव रक्त घेतल्यानंतर, माणूस समोर बसलेला असतानाच लिहायचं. सकाळीच यादी बघून पन्नास ट्यूबांवर नावं चिकटवून ठेवली की अदलाबदल होणारच, आणि रक्तगटाच्या ट्यूबेत अदलाबदल झाली आणि पुढं त्यावर विसंबून रक्त चढवलं गेलं तर माणूस जाऊ शकतो. शुगरची ट्यूब राखाडी टोपणाची असते, त्यात साखर टिकवायला फ्लोराईड असतं. साध्या ट्यूबेत रक्त तसंच राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होत जाते. म्हणजे सकाळी आठला मांडवात घेतलेलं रक्त दुपारी लॅबला पोचलं तर शुगर असलेला माणूस नॉर्मल निघून घरी जाऊन जिलेबी खाणार. एप्रिल-मे मध्ये घरोघरी जाऊन रक्त घेणाऱ्या आणि गाडीच्या डिकीत सँपल नेणाऱ्या होम कलेक्शनच्या पोरांना कूल बॉक्स देणं ही त्यांच्या मालकाची जबाबदारी आहे, त्या पोरांची नाही.

त्या पोरांबद्दलच आता. वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली, हातावर टार्गेट, दिवसभर राजारामपुरी ते उजळाईवाडी फिरतायत, आणि बऱ्याच जणांना हिपॅटायटिस बीची लस दिलेली नसते. तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय की कामगारांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे संस्थेचं काम आहे. वापरलेली सुई चुकून टोचली तर लस न घेतलेल्याला कावीळ बी व्हायचा धोका शंभरात सहा ते तीस इतका मोठा असू शकतो, कावीळ सीचा शंभरात साधारण दोन, एचआयव्हीचा हजारात तीन. एचआयव्हीचा आकडा छोटा आहे पण लोक त्यालाच घाबरतात, आणि बीची लस उपलब्ध असून घेत नाहीत.

टोचलंच तर काय करायचं हे प्रत्येक कलेक्शनच्या पोराला पाठ असलं पाहिजे. जागा पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, स्पिरिट पण ओतायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि लगेच वरिष्ठांना सांगून सरकारी दवाखान्यात जायचं. एचआयव्ही टाळायची औषधं, पीईपी म्हणतात त्याला, दोन तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यात चांगलं आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही, सुरू केली की २८ दिवस घ्यायची. नोकरी जाईल म्हणून लपवणारी मुलं मला माहीत आहेत, म्हणून लॅबच्या मालकांना हात जोडून सांगते, टोचल्याचं सांगणाऱ्याला ओरडू नका. आणि टोपण परत लावायची सवय सोडा, आम्हाला बऱ्याचदा टोचतं ते त्याच वेळी.

कचऱ्याचं पण सांगायलाच पाहिजे. २०१६ चे नियम फक्त हॉस्पिटलला नाहीत, त्यात आरोग्य शिबिरं, लसीकरण शिबिरं, रक्तदान शिबिरं नाव घेऊन सांगितलेली आहेत. सुया आणि लॅन्सेट पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज, सुई नसलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. काचेचं निळ्यात. हा कचरा लॅबनं परत न्यायचा आणि अधिकृत गाडीलाच द्यायचा, कोपऱ्यावरच्या घंटागाडीत नाही. महापालिकेचे सफाई कामगार हातानं कचरा वेगळा करतात, त्यांच्या हातात बऱ्याचदा ग्लोव्हज पण नसतात. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी पण सुया सुट्या टाकू नयेत, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून, वर लिहून, वेगळ्या द्याव्यात.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगायचंय की लॅब ठरवताना "किती टेस्ट फ्री देता" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, रक्त घेणारी माणसं शिकलेली आहेत का, त्यांची लस झालीय का, सुटे लॅन्सेट आणणार का पेन, पांढरा डबा आणि पिशव्या कोण आणणार आणि परत कोण नेणार, रिपोर्ट कसे देणार. मांडवात हात धुवायला पाणी आणि साबण, चक्कर आलेल्याला झोपवायला एक बाकडं, बायकांसाठी एक पडदा, एवढं तुमच्याकडनं. रक्त घ्यायचं टेबल आणि नाष्ट्याचं टेबल लांब लांब ठेवा.

गणपतीच्या आधी हे छापलंत तर बरं होईल. ज्या मंडळाला मांडणी कशी करायची ते समजून घ्यायचंय त्यांनी आपल्या भागातल्या लॅब टेक्निशियनला आदल्या दिवशी संध्याकाळी बोलवावं, आम्ही येतो.

आपली,
एक लॅब टेक्निशियन
राजारामपुरी, कोल्हापूर